गोळीला शनिवार-रविवारची सुट्टी : कोणाला, केव्हा आणि कशी?

एडीएचडीची गोळी सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत अनेक घरांतून दोन बातम्या एकदमच येतात. एक चांगली. बाई सांगतात, आता वर्गात बसतो, फळ्यावरचं उतरवून पूर्ण करतो, सारखा उठून खिडकीशी जात नाही. दुसरी काळजीची. डबा जवळजवळ तसाच परत येतो. दोन पोळ्यांतली दीड शिल्लक, भाजी कोपऱ्यात सुकलेली. रात्रीचे साडेदहा वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तर कारण नसताना रडारड आणि आदळआपट. मग आजी म्हणते, "पोर नुसतं वाळलंय. निदान शनिवार-रविवार तरी नका देऊ ते औषध."

आजीची सूचना वेडगळ नाही. काही मुलांच्या बाबतीत डॉक्टरसुद्धा अशी सुट्टी विचारपूर्वक देतात. पण डॉक्टरांनी आखून दिलेली सुट्टी वेगळी आणि घरच्यांनी कंटाळून बंद केलेली गोळी वेगळी. पहिलीतून काहीतरी कळतं आणि काहीतरी साधतं. दुसरीत पुढच्या भेटीला डॉक्टरांना वाटतं की मूल रोज गोळी घेतंय आणि तरी फरक पडत नाही, म्हणून ते डोस वाढवतात. त्यामुळे पहिला नियम सोपा आहे : सुट्टी हवी असेल तर ती मागून घ्या, लपवून घेऊ नका.

आधी पट्टीवरचं नाव वाचा

गोळीचं बाजारातलं नाव काहीही असो, पट्टीवर बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं. सुट्टी शक्य आहे की नाही, हे त्या नावावर ठरतं.

मिथाइलफेनिडेट असेल तर सुट्टीचा विचार होऊ शकतो. भारतात एडीएचडीसाठी हे औषध सर्रास दिलं जातं. मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचं काम ते वाढवतं, आणि त्याचा परिणाम त्याच दिवसापुरता असतो. साधी गोळी तीन-चार तास टिकते, हळूहळू विरघळणारी आठ ते बारा तास. रात्रीपर्यंत परिणाम ओसरतो. म्हणून शनिवारी गोळी दिली नाही तर शनिवारपुरताच परिणाम नसतो आणि सोमवारी ती पुन्हा काम करते.

ॲटोमॉक्सेटिनचं तसं नाही. त्याचा पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तो रोजच्या रोज घेतल्यानेच टिकतो. आठवड्यातून दोन दिवस ते टाळून भूक सुधारणार नाही, उलट औषधाचा गुण मात्र पातळ होईल.

क्लोनिडीन किंवा ग्वानफॅसिन असेल तर जास्तच सावध राहा. ही औषधं अचानक थांबवली तर रक्तदाब उसळू शकतो. ती थांबवायची झाल्यास डोस पायरीपायरीने कमी करावा लागतो. काही मुलांना मिथाइलफेनिडेटच्या जोडीला रात्री क्लोनिडीन असतं. अशा घरात "शनिवारी औषधं बंद" एवढंच ठरवून चालत नाही. कोणतं बंद आणि कोणतं चालू, हे चिठ्ठीवर लिहून घ्यायला हवं.

सुट्टीआधीचे सोपे उपाय

पुष्कळदा सुट्टीची गरजच पडत नाही, कारण त्रास औषधापेक्षा त्याच्या वेळेशी जास्त बांधलेला असतो.

भुकेचं बघा. गोळीचा परिणाम सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत भरात असतो आणि शाळेची मधली सुट्टी नेमकी त्याच वेळेत येते. तेव्हा डब्यावरून भांडण्यात अर्थ नाही. गोळी द्यायच्या आधी पोटभर न्याहारी द्या : तूप लावलेलं थालीपीठ आणि दही, शेंगदाणे घालून पोहे, अंडं आणि पोळी, किंवा दुधातलं नाचणीसत्त्व. डब्यात कमी जागेत जास्त ताकद असलेलं द्या. शेंगदाण्याचा लाडू, खजूर, पनीरची छोटी पोळी, असं दोन घासांत संपणारं. खरी भूक संध्याकाळी लागते. त्या वेळी बिस्किटांचा पुडा पुढे न करता चक्क जेवायला वाढा, आणि झोपण्याआधी दूध-केळं किंवा वरण-भाताचा आणखी एक फेरा ठेवा. दिवसभराची गोळाबेरीज जमली की डब्यातली दीड पोळी एवढी बोचत नाही.

झोपेचं बघा. गोळी सकाळी नऊला दिली जाते की साडेसहाला, याने रात्रीच्या झोपेत फरक पडतो. दुपारी दुसरा डोस असेल तर तो किती वाजता दिला जातो, हे डॉक्टरांना नेमकं सांगा. आणखी एक गोष्ट आठवून पाहा : गोळी सुरू होण्याआधी मूल वेळेवर झोपत होतं का? एडीएचडी असलेल्या अनेक मुलांना मुळातच झोप उशिरा लागते. तो दोष गोळीच्या माथी मारला तर सुट्टीनेही काही सुधारणार नाही.

संध्याकाळची चिडचिड हा पुष्कळदा गोळी उतरण्याच्या वेळेचा त्रास असतो. परिणाम ओसरताना तास-दीड तास मूल पहिल्यापेक्षाही जास्त हुळहुळं होतं. त्याच वेळी पोट रिकामं असतं आणि शिकवणीला जायची घाई असते. त्या तासात खायला द्या, गृहपाठ पुढे ढकला, मैदानावर सोडा. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलू शकतात. लांब परिणामाची गोळी किंवा कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने मोडू, चावायला देऊ किंवा कुटू नका. तिच्यातलं औषध एकदम बाहेर येतं.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत पोटदुखी, डोकेदुखी, कमी भूक हे त्रास बऱ्याच मुलांत आपोआप सौम्य होतात. त्या काळात योग्य डोस शोधण्याचं कामही चालू असतं. म्हणून सुरुवातीलाच सुट्ट्या घेतल्या तर डोसचा अंदाज चुकतो आणि शरीराला औषधाची सवयही होत नाही.

सुट्टीने काय साधतं?

या प्रश्नावर ब्राझीलमध्ये झालेला एक नेटका अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या 40 मुलांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्याचे सातही दिवस औषध, दुसऱ्याला सोमवार ते शुक्रवार औषध आणि शनिवार-रविवारी बिनऔषधाची गोळी. 28 दिवसांनंतर दिसलं ते असं : सुट्टीच्या गटात निद्रानाश आणि भूक मंदावणं कमी होतं, आणि शनिवार-रविवारी किंवा त्यानंतर शाळेच्या पहिल्या दिवशी लक्षणं फारशी वाढलेली नव्हती. अभ्यास लहान होता आणि महिनाभराचाच होता, म्हणून त्यावरून सगळ्या मुलांसाठी नियम काढता येत नाही. पण भूक आणि झोप या दोन तक्रारींसाठी आखलेली सुट्टी उपयोगी पडू शकते, एवढं त्यातून निश्चित कळतं.

उंचीचं गणित निराळं आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात नव्याने औषध सुरू झालेली मुलं तीन वर्षांनंतर औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे 2 सेंटीमीटर कमी वाढलेली आढळली. आठवड्याचे दोन दिवस मोकळे ठेवून हा फरक भरून निघेल, असं धरून चालू नका. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच दुसऱ्या अभ्यासात उन्हाळ्याच्या सुट्टीत औषध थांबवलेल्या मुलांचं वजन पहिल्या उन्हाळ्यातच सुधारलं, पण उंचीत फरक दिसायला दुसरा उन्हाळा लागला. ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनाही याच धर्तीवर आहेत : उंची अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे मागे पडत असेल तर शाळेच्या लांब सुट्टीत आखून औषध थांबवण्याचा विचार करावा. आपल्याकडे त्यासाठी मे महिन्याची सुट्टी सोयीची पडते.

शनिवार-रविवारच्या सुट्टीचा आणखी एक फायदा आहे आणि तो सहसा बोलला जात नाही. तिने त्रासाचं कारण उलगडतं. गोळीविना शनिवारी दुपारी मूल नेहमीसारखं जेवलं तर भूक गोळीनेच मरत होती, हे कळतं. गोळी नसतानाही रात्री अकरापर्यंत जागं राहिलं तर झोपेचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

कोणाला ही सुट्टी देऊ नये?

"शनिवारी शाळा नाही, मग गोळी कशाला?" हा प्रश्न साहजिक वाटतो, पण एडीएचडी शाळेच्या फाटकापाशी थांबत नाही. ते मूल रविवारीही रस्ता ओलांडतं, मित्रांशी खेळतं, लग्नाच्या हॉलमध्ये हरवतं.

गोळीविना जे मूल विचार न करता रस्त्यावर धावतं, गॅलरीच्या कठड्यावर चढतं, पाण्याजवळ भान विसरतं किंवा रागाच्या भरात धाकट्या भावंडाला मारतं, त्याच्यासाठी सुट्टीचा धोका जेवणाच्या फायद्यापेक्षा मोठा आहे. स्कूटी चालवू लागलेल्या मुलामुलींनाही हेच लागू पडतं. ज्या मुलाला मित्र टिकवणं जमत नाही, त्याच्यासाठी रविवारचं मैदान हीच खरी परीक्षा असते. तिथे त्याचा आधार काढून घेऊ नये. उदासी, टोकाची चिंता किंवा झटक्यांचा आजार जोडीला असेल तर निर्णय पूर्णपणे डॉक्टरांवर सोडा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे : शनिवार खरंच मोकळा असतो का? राज्य मंडळाच्या बऱ्याच शाळा शनिवारी सकाळी भरतात. स्कॉलरशिपच्या परीक्षेचं वर्ष असेल तर रविवारी सकाळी तिचा वर्ग असतो. अशा आठवड्यात सुट्टी फक्त रविवारची ठरू शकते, किंवा डॉक्टर वर्गाच्या वेळेपुरती कमी तासांची गोळी सुचवू शकतात. परीक्षेचा आठवडा, सहल, गावची जत्रा, लांबचा रेल्वेप्रवास हे दिवस सुट्टीच्या प्रयोगासाठी निवडू नका.

सुट्टी कशी आखायची?

डॉक्टरांशी बोलून सलग चार शनिवार-रविवार ठरवा. एकाच शनिवारावरून काही कळत नाही. त्या दिवशी पाहुणे आले असतील, पाऊस पडला असेल, मूल आजारी असेल.

त्याआधीचे दोन शनिवार-रविवार गोळी चालू ठेवून नोंदी करा, म्हणजे तुलना करता येईल. एका साध्या वहीत रोजची एक ओळ पुरे :

- सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र : जेवण पूर्ण, अर्धं की नाहीच
- दिवे मालवले कधी आणि झोप लागली कधी
- चिडचिड किंवा रडणं : कोणत्या वेळी, किती वेळ
- अंगावर बेतलेला किंवा थोडक्यात टळलेला एखादा प्रसंग
- मुलाचं स्वतःचं एक वाक्य : "आज कसं वाटलं?"

शेवटची ओळ गाळू नका. "गोळी घेतली की मला हसू येत नाही" असं मूल सांगत असेल तर डोस जास्त झाला असण्याची शक्यता आहे, आणि त्यावर उपाय बहुधा डोस कमी करणं हा असतो. "गोळी नसली की सगळे मलाच ओरडतात" असं सांगत असेल, तर तेही तितकंच महत्त्वाचं आहे.

सुट्टी गोळीला आहे, दिनक्रमाला नाही. शनिवारी रात्री बारापर्यंत सिनेमा, रविवारी दहाला उठणं आणि दुपारी तीन तास झोप, असं झालं तर रविवारची रात्र बिघडते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. उठण्या-झोपण्याची वेळ रोजचीच ठेवा. तासभर पळापळीचा खेळ सकाळीच होऊ द्या. बसून करायचं काम पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत द्या आणि रविवारी अभ्यासाचा डोंगर रचू नका. गर्दीच्या ठिकाणी गेलात तर एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे निघण्याआधीच ठरवा.

डोस जास्त असेल तर गोळी नसलेल्या पहिल्या दिवशी मूल सुस्त, भुकेलं किंवा थोडं हिरमुसलेलं वाटू शकतं. सोमवारी गोळी पुन्हा सुरू झाल्यावर काहींना पोटात दुखतं किंवा डोकं दुखतं. दर सोमवारी असं होत असेल तर त्या मुलाला ही ये-जा मानवत नाही, असं समजा. सोमवार-मंगळवारचं वागणं वर्गशिक्षकांना विचारा, पण सुट्टीचा प्रयोग चालू आहे हे आधी सांगू नका. म्हणजे त्यांचं मत निखळ मिळेल. चार आठवडे झाले की वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सुट्टी पुढे चालू ठेवायची की थांबवायची, ते तिथे ठरवा.

उरलेल्या गोळ्यांचा हिशोबही ठेवा. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे अनुसूची एक्स मध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. सुट्टीमुळे महिन्याच्या गोळ्या उरतील. त्या कुलपात ठेवा, संख्या डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या कोणाच्या मुलाला "बघ देऊन" म्हणून देऊ नका.

मुलाशी आणि घरातल्यांशी काय बोलायचं?

गोळीबद्दल घरात जे बोललं जातं, ते मूल ऐकत असतं. "आज गोळी नाही, म्हणजे आज हा घर डोक्यावर घेणार" असं म्हणू नका. चांगलं वागणं गोळीचं आणि वाईट वागणं आपलं, असा अर्थ ते त्यातून काढतं. "आज नीट वागलास तर उद्या गोळी नाही" हे तर अजिबात नको. औषध ही शिक्षा नाही आणि तिची सुट्टी हे बक्षीसही नाही. साधं सांगा : "तुझी भूक आणि झोप कशी राहते ते आपण बघतोय. डॉक्टरांनी ठरवलंय."

तेरा-चौदाच्या पुढची मुलं पुष्कळदा स्वतःच म्हणतात, "मला गोळी नको." त्यांना उडवून लावलं तर गोळी तोंडात धरून बेसिनमध्ये थुंकायला वेळ लागत नाही. त्यांना नोंदवही स्वतःच लिहू द्या आणि डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या.

घरातल्या थोरांना पुढच्या भेटीला सोबत न्या. आजी-आजोबांची भीती बहुतेकदा "डोक्याचं औषध" या शब्दांची असते. वजनाचा कागद आणि वही त्यांनी स्वतः पाहिली, की आई-वडील आणि आजी-आजोबा यांच्यात चोरून गोळी देणं किंवा चोरून टाळणं थांबतं.

वजन-उंचीचा कागद

भूक कमी झाली हे डोळ्यांना दिसतं, पण मूल खरंच मागे पडतंय का ते तक्त्यावर कळतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली 5 ते 18 वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित वाढ-तक्ते दिले. ते काम पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांच्या पुढाकाराने झालं. तुमच्या डॉक्टरांना त्यावर मुलाचे बिंदू मांडायला सांगा, आणि शक्यतो गोळी सुरू व्हायच्या आधीपासूनचे. ब्रिटनच्या सूचनांनुसार 10 वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर 3 महिन्यांनी, उंची दर 6 महिन्यांनी, तर नाडी आणि रक्तदाब दर 6 महिन्यांनी व प्रत्येक डोस बदलानंतर तपासावा. घरी वजन करायचं तर एकच काटा, सकाळची वेळ आणि महिन्यातून एकदा. रोज काट्यावर उभं करून मुलाला आणि स्वतःला छळू नका.

वाट न पाहता डॉक्टरांना गाठा

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, धावताना भोवळ, विनाकारण जोरात धडधड, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, स्वतःला इजा करण्याची भाषा, ॲटोमॉक्सेटिन घेणाऱ्या मुलाचे डोळे पिवळे होणं : यातलं काहीही दिसलं तर शनिवार यायची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि लक्षण गंभीर असेल तर थेट रुग्णालयात न्या. नव्याने सुरू झालेल्या झटकेदार हालचाली किंवा डोळ्यांची सततची उघडझाप हीसुद्धा लवकर दाखवावी.

बाकी सगळ्या त्रासांसाठी क्रम हाच ठेवा : आधी वेळ आणि जेवण, मग डोस किंवा गोळीचा प्रकार, आणि त्यानंतर सुट्टी. भूक आणि झोप यांचा त्रास असलेल्या, गोळीविनाही सुरक्षित राहणाऱ्या मुलाला शनिवार-रविवारची सुट्टी मानवू शकते. ज्याचा रविवार गोळीविना घराला आणि त्यालाही जड जातो, त्याला ती देण्याचा आग्रह धरू नका. आजपासून वहीत रोजची एक ओळ लिहायला घ्या, पुढच्या भेटीला ती सोबत न्या आणि सुट्टीचा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. तोपर्यंत चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे गोळी चालू ठेवा.